नाहीचं दार

पक्षाच्या तिकिटासाठी दोन मातब्बर पुढारी एकमेकांच्या जिवावर उठले होते. एकाला द्यावं तर दुसरा पाडणार, दुसऱ्याला द्यावं तर पहिला. शेवटी पक्षाचे सर्वेसर्वा, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी वैतागून विचारलं, की ज्याच्याबद्दल तुम्हा दोघांचाही आक्षेप नाही असं एक तरी माणूस तुमच्या भागात आहे का? दोघांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या ताईंचं नाव सुचवलं. बाई सरळ आहेत, दिलेला शब्द पाळतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, असं दोघंही एकमुखाने म्हणाले. राजकारणात एखाद्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की खुशाल समजावं, त्याला कुणी मोजत नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला आणि ताई खासदार झाल्या. आता त्यांची तिसरी टर्म चालू होती आणि ते दोन पुढारी अजून भांडतच होते.

सभागृहात एक जुनी चाल होती, तिला ‘जोडी’ म्हणत. महत्त्वाच्या मतदानाला एका बाजूचा खासदार आजारपणामुळे येऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूनेही आपला एक माणूस बाहेर बसवायचा. एक इकडचा गळला, एक तिकडचा गळला, हिशेब सारखा. हे कुठल्या कायद्यात नव्हतं. सगळं शब्दावर चालायचं, त्यामुळे बाहेर बसणारा शब्दाचा पक्का लागे. बाहेर बसतो म्हणायचं आणि घंटा झाली की हळूच आत जाऊन मत टाकायचं, असे महाभाग दोन्हीकडे पोत्याने होते. ताईंच्या पक्षाला शब्दाचा पक्का माणूस शोधायला वेळ लागला नाही, कारण तो एकच होता.

“ताई, तुम्ही म्हणजे आमचा हुकमाचा एक्का,” असं पक्षाचे प्रतोद म्हणायचे. प्रतोद म्हणजे खासदारांना मतदानाच्या वेळी हाकून आणणारा गृहस्थ, आणि हे गृहस्थ तर दिसायलाही तसेच होते, हातात काठी तेवढी नव्हती. हा एक्का त्यांनी जपून ठेवला. इतका जपून, की तीन टर्ममध्ये एकदाही खेळला नाही.

समोरच्या बाजूने जोडीला बहुतेक वेळा आप्पा असत. आप्पांचे गुडघे गेले होते, पण त्यांना तिकीट नाकारण्याची हिंमत त्यांच्या पक्षात कुणाची नव्हती. कँटीनच्या कोपऱ्यातलं टेबल दोघांचं ठरलेलं. आत कर वाढत, मंत्रिमंडळं वाचत, शेजारच्या देशाशी करार होत, आणि बाहेर ताई आप्पांना बिस्किट चहात बुडवायला मनाई करत, कारण त्यांना साखर होती. देशाचा अलीकडचा सगळा इतिहास ताईंनी भिंतीवरच्या टीव्हीत पाहिला, तोही कँटीनवाल्याला मॅच बघायची नसेल तेव्हा.

गावाकडे याचा कुणाला पत्ता नव्हता. गावाकडच्यांना ताई सभागृह दाखवायला आणत. अध्यक्षांच्या खुर्चीच्या मागे, वर, प्रेक्षकांची गॅलरी होती. तिथे पुढच्या रांगेत बसवून ताई हात करून समजावत, अगदी वर्गात नकाशा समजावावा तसं. “मतदानाची घंटा झाली की सगळे उठतात. ते उजवीकडचं दार ‘हो’चं. ते डावीकडचं ‘नाही’चं. ज्याला जे म्हणायचंय त्या दारातून आतल्या खोलीत जायचं.” गावकरी माना डोलवत. दारांवर पाट्या का नाहीत, असं एकदा एका शिंप्याने विचारलं. सदस्याला दार दाखवावं लागणं हा सदनाचा अपमान समजतात, असं ताईंनी सांगितलं. ते खरंच होतं. पाट्या लावाव्यात की काय यावर एक समिती नेमलेली होती आणि तिचे दोन अध्यक्ष वारले होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ताईंच्याच पक्षाच्या सरकारने आरोग्यसेवा सुसूत्रीकरण विधेयक आणलं. सुसूत्रीकरण म्हणजे छोटे दवाखाने बंद करून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे बोट दाखवणं. बंद होणाऱ्यांत ताईंच्या गावचा बाळंतपणाचा दवाखानाही होता. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिथे जन्मलेलं. मोठं शहर दीड तासावर, आणि तेही रस्ता चांगला असेल तर. तो चांगला असल्याचं कुणाला आठवत नव्हतं. या दवाखान्याची मेट्रन ताईंची धाकटी बहीण होती. सगळेच त्यांना ताई म्हणत, पण नात्याने खरोखर ताई म्हणणारी ही एकटीच.

धाकटीने दवाखान्याच्या अंगणात बायका जमवल्या आणि बहिणीला मधोमध उभं केलं. “सांग यांना,” म्हणाली.

“मी विरोधात मत देईन,” ताई म्हणाल्या. “पक्षाने काढलं तरी चालेल.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने वाजवल्या नाहीत. आपली बहीण शब्द दिल्यावर पाळते हे तिला माहीत होतं, त्यात टाळ्या कसल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रतोदांनी ताईंना बोलावलं. त्यांच्या खोलीत नेहमीप्रमाणे पाचसहा जण आपापली गाऱ्हाणी घेऊन उभे होते, त्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. सरकारचं बहुमत तोळामासा होतं, त्यात एक मित्रपक्ष रुसून बसलेला.

“ताई, तुमची अडचण मला कळते,” प्रतोद म्हणाले. “तुम्हाला गावात तोंड दाखवायचंय. म्हणून तर तुम्हाला जोडीत बसवतोय. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना उभं राहवत नाही. ते बाहेर, तुम्ही बाहेर. गावाला सांगा, मी बाजूने मत दिलं नाही. साहेबांना मी सांगतो, त्यांनी विरोधात दिलं नाही. सापही मेला आणि काठीही तुटली नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाला आलेला पहिला शब्द हाच होता, आणि तो बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हाही शब्दच झाला. एक शब्द अंगणात दिलेला, एक इथे. रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चा संपत आली तेव्हा त्या कँटीनमध्ये आप्पांसमोर बसल्या होत्या. धाकटीचा फोन आला.

“ताई, आज मतदान ना? मी टीव्ही उचलून व्हरांड्यात आणून ठेवलाय. सगळ्या बसल्यात समोर. पोटुशा पण बसल्यात.”

“हो गं.”

“जाशील ना आत?”

ताईंनी आप्पांकडे पाहिलं. “जाईन,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी आप्पांना सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदा शब्द मोडायची वेळ आली होती आणि निदान ज्याच्याशी जोडी ठरली त्याला सांगून मोडावा, एवढंच त्यांना सुचलं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्ही विरोधात टाकणार, म्हणजे आमच्याच बाजूचं एक मत वाढणार. मी कशाला नाही म्हणू? जा, मी तुम्हाला शब्दातून मोकळं केलं. पण तुमचे लोक तुम्हाला ठेवायचे नाहीत.”

“नकोत ठेवायला.”

घंटा वाजायला लागली. ताई उठल्या, पर्स खांद्याला लावली, परत काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

“दार माहीत आहे ना?” आप्पांनी विचारलं.

विचारणारा माणूस चांगल्या मनाने विचारत होता. पण तिसऱ्या टर्मच्या खासदाराला दार माहीत नसावं, ही कल्पनाच ताईंना इतकी लाजिरवाणी वाटली, की त्यांचे कान तापले. “आप्पा, मी आजवर किती लोकांना दाखवलंय,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

सभागृहात शिरल्या तेव्हा बाकं रिकामी झाली होती. सगळे आधीच आपापल्या दारातून आत गेले होते. समोर उंचावर अध्यक्ष बसले होते आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन सारखी दारं, दोन्ही शिसवी, दोन्हींवर पितळी मुठी, आणि दोन्ही आता लागायच्या बेतात. ताईंनी मनात गॅलरी आणली. उजवीकडे हो, डावीकडे नाही. त्या तरातरा डावीकडच्या दाराकडे गेल्या. शिपायाने अदबीने वाकून त्यांना आत घेतलं आणि मागून दार लावून कडी घातली.

गॅलरी अध्यक्षांच्या पाठीमागे आहे. तिथून जी डावी, ती समोरून येणाऱ्याची उजवी. आयुष्यभर मुलींना ‘नकाशा उलटा धरू नका’ म्हणून सांगितलेल्या बाईला हे कळायला आतली खोली दिसावी लागली.

खोलीत ताईंचा सगळा पक्ष उभा होता. सगळे दाराकडे वळले. मग प्रतोदांनी दोन्ही हात वर केले. “ताई आल्या,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. टाळ्या सुरू झाल्या. ज्यांना ताईंचं नाव नीट माहीत नव्हतं तेही टाळ्या वाजवत होते. ताई वळल्या, दाराची मूठ दाबली. मूठ हलली नाही.

नोंद करणारा कारकून टेबलाशी बसला होता. ताई त्याच्यापर्यंत गेल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, “मला त्या दारातून जायचं होतं.”

कारकुनाने वर पाहिलं. तो खूप वर्षं त्या टेबलाशी बसत होता आणि बहुधा त्याने याहून अजब गोष्टी पाहिल्या असाव्यात. “कडी लागली की मत पडलं, ताई,” तो हळूच म्हणाला. “नियम आहे.” आणि त्याने नाव लिहिलं.

विधेयक एका मताने मंजूर झालं.

प्रतोद ताईंना दोन्ही हातांनी धरून बाहेर घेऊन आले. “तुम्ही बाहेर राहिला असतात तर बरोबरी होती,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते. “बरोबरी झाली की अध्यक्ष विरोधात मत देतात, आहे ते आहे तसं राहू द्यायचं अशी प्रथा आहे. म्हणजे पडलोच होतो आम्ही. ताई, तुम्ही शब्द मोडलात, पण काय वेळेला मोडलात.”

ताईंनी मनात हिशेब मांडला. त्या चहा पीत बसल्या असत्या तरी दवाखाना वाचला असता. योग्य दारातून गेल्या असत्या तरी वाचला असता. जगात तो बंद पाडायचा एकच मार्ग होता आणि तो त्यांनी धावत जाऊन गाठला होता.

साहेबांनी तासाभरात बोलावलं. साहेबांची खोली मोठी आणि गार होती, आणि साहेब स्वतः उठून दारापर्यंत आले. असं ते फक्त पैसेवाल्यांसाठी आणि व्याह्यांसाठी करत.

“आरोग्य खात्याचं राज्यमंत्रिपद रिकामं आहे,” साहेब म्हणाले. “पुढच्या आठवड्यात शपथ.”

“साहेब, मला विरोधात मत द्यायचं होतं,” ताई म्हणाल्या. एकदाचं बोलून टाकल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं.

साहेबांनी मान हलवली. “माहीत आहे मला. गावाला शब्द दिला होतात तुम्ही. मन विरोधात, पण मत पक्षाला. याला निष्ठा म्हणतात, ताई. आजकाल कुठे बघायला मिळते?”

“तसं नाही. मी चुकून—”

“चुकून कुणी निष्ठावान होत नसतं,” साहेब प्रेमाने म्हणाले आणि फोन उचलला. भेट संपली होती.

कँटीनमध्ये आप्पा अजून त्याच टेबलाशी होते. त्यांच्या पक्षाचे दोन तरुण खासदार त्यांना नुकतेच बोलून गेले होते. म्हातारा बाईच्या गोड बोलण्याला भुलला, असं काहीसं. ताई समोर बसल्या, तरी आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“समोरच्या दरवाजाने आत शिरले,” ताई म्हणाल्या, “आणि डावीकडे गेले.”

आप्पांनी टेबलावर बोटाने सभागृह काढलं. इथे अध्यक्ष, इथे गॅलरी, इथे आपण. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. “आणि तुम्ही भूगोल शिकवायचात,” ते म्हणाले. मग हळूहळू हसणं थांबलं.

“मला विचारायचंत की, बाई. मी तर विचारलंच होतं.”

“लाज वाटली.”

“हं,” आप्पा म्हणाले. त्यांना ते कळलं, कारण सभागृहात निम्मा कारभार त्याच कारणाने बिघडतो हे त्यांनी पाहिलेलं होतं.

दोन दिवसांनी ताई गावी गेल्या. गावच्या वेशीपाशी पक्षाचे कार्यकर्ते हार घेऊन उभे होते. भांडणारे ते दोन पुढारीही जन्मात पहिल्यांदा शेजारी शेजारी उभे होते, कारण मंत्र्याच्या डाव्या बाजूला कुणी उभं राहायचं यावर दोघांनाही तडजोड मान्य नव्हती, म्हणून दोघंही उजवीकडे आले होते. ताईंनी गाडी थांबवली नाही. त्या थेट दवाखान्यात गेल्या. अंगणात बायका जमल्या होत्या. त्यांनी वाट दिली. ज्या बाईच्या दोन्ही मुली ताईंच्या वर्गात शिकल्या होत्या, तिने तोंड फिरवलं.

धाकटी आत, तिच्या खोलीत, नवजात बाळांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. ताई दारातच उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. जोडी, घंटा, गॅलरी, डावं आणि उजवं. काही लपवलं नाही. धाकटीचे हात चालूच होते. सगळं ऐकून झाल्यावर तिने हातातलं दुपटं खाली ठेवलं.

“चुकून,” ती म्हणाली.

“आईशपथ गं. मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना तेच सांगणार आहे. मंत्रिपद नकोय मला. खरं काय ते सांगून टाकते आणि मोकळी होते.”

“मोकळी होतेस,” धाकटी म्हणाली. “आणि आम्ही?”

धाकटीने अंगणाच्या दिशेने बोट दाखवलं.

“बाहेर काय बोलतायत ऐकलंस? ताईंनी खुर्चीसाठी दवाखाना विकला म्हणतायत. परवापासून एक बाई घरी स्वयंपाकाला गेलेली नाही. तालुक्याला मोर्चा न्यायचा म्हणतायत, आरोग्य खात्यासमोर बसायचं म्हणतायत. बंद व्हायला अजून तीन महिने आहेत, ताई. रागाने पेटलेली बाई तीन महिन्यांत बरंच काही करते.” धाकटीने बहिणीकडे नीट पाहिलं. “तू बाहेर जाऊन सांगितलंस की मला दार कळलं नाही, तर त्या काय करतील? हसतील. एवढं हसतील, की पोट धरून हसतील. आणि मग घरी जातील.”

“पण ते खरं आहे.”

“असेल. मला त्याचा काय उपयोग?”

बाहेरच्या वॉर्डात एक बाळ रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला उचलून घेतलं. ताई दाराच्या चौकटीला टेकल्या. इतकी वर्षं त्यांच्याकडे एकच पुंजी होती, की ही बाई शब्दाची पक्की. गावाने त्यांना तीनदा निवडून दिलं ते त्याच्यावर. मूर्ख म्हणून का होईना, खरी म्हणून राहावं, एवढीच त्यांची धडपड होती, आणि धाकटी तेवढंही मागत होती.

“मुद्दाम केलं असं सांगू?”

“सांग. तुला पुढच्या निवडणुकीत पाडतील.”

“तू?”

“मीच पाडेन,” धाकटी म्हणाली. तिने खाली ठेवलेलं दुपटं पुन्हा घडी घालायला घेतलं.

ताईंनी तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर आल्या. व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. तीन टर्ममध्ये त्यांनी सभागृहात एक भाषण केलं नव्हतं, आणि आता समोर सगळं गाव होतं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी काढला.

“मी विचार करून मत दिलं,” त्या म्हणाल्या. “मला मंत्री व्हायचं होतं. तुम्हाला शहरात जायला रस्ता आहे.”

कुणाला वाटलं नव्हतं की त्या तोंडावर असं बोलतील. मग ताईंच्या मागून, व्हरांड्याच्या दारातून पहिली आरोळी उठली, हिला पाडा म्हणून. तो आवाज धाकटीचा होता. पुढच्या रांगेतल्या बाया उठल्या आणि त्यांनी तो उचलला, मग मागच्यांनी, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या पुरुषांनीही. ताई पायरीवरून हलल्या नाहीत. आवाज वाढत गेला आणि त्या तो ऐकत तिथेच उभ्या राहिल्या.